बँक बुडाली तर नुकसान कोणाच्या माथी, खरं भांडण तिथे आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील रिटायर झाले, ग्रॅच्युइटी आणि पीएफचे मिळून 18 लाख नागपुरातल्याच एका नागरी सहकारी बँकेत एफडी करून ठेवले, कारण सरकारी बँकेपेक्षा व्याज जास्त. बाबा म्हणतात बँक बुडाली तरी सरकार सोडत नाही, पैसे मिळतातच. मुलगा म्हणतो की सरकारने काहून वाचवावं, खाल्ले संचालकांनी आणि भरायचं आम्ही टॅक्सवाल्यांनी, अमेरिकेतही हेच चालू आहे. दोघांत बरोबर कोण?

दोघंही अर्धे बरोबर. मी नागपुरात सीए म्हणून बरीच वर्षं सहकारी बँकांचं ऑडिट केलं, कन्करंट पण आणि वैधानिक पण, त्यामुळे मला हा विषय टीव्हीवरच्या चर्चेसारखा दिसत नाही, मला तो लेजरमध्ये दिसतो. आणि लेजरमध्ये पहिली गोष्ट जी दिसते ती ही की बँकेच्या शटरवर नोटीस लागते त्या दिवशी पैसा बुडत नाही. पैसा दोन-चार वर्षं आधीच बुडालेला असतो, फक्त तो पुस्तकात "येणे" म्हणून दाखवून राहिले असतात. नोटीस लागल्यावर जे सगळं होतं, सरकारने वाचवावी का, विलीन करावी का, परवाना रद्द करावा का, तो सगळा वाद एवढाच की झालेलं नुकसान आता कोणाच्या नावावर टाकायचं. भागधारकांच्या, ठेवीदारांच्या, दुसऱ्या बँकांच्या, की टॅक्स भरणाऱ्यांच्या. पाचवा कोणी नाही. कर्ज बुडवणारा आणि देणारा संचालक यांच्याकडून वसूल करायचं असं सगळे म्हणतात, आणि करायलाच पाहिजे, पण ती वसुली इतकी उशिरा आणि इतकी कमी येते की तिच्या भरवशावर कोणाच्या बाबांची एफडी परत मिळत नाही.

गणित साधं आहे. धरा एका नागरी बँकेत 500 कोटींच्या ठेवी आहेत, त्यातले 300 कोटी कर्जात गेले, आणि बँकेचे स्वतःचे पैसे म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून 40 कोटी. आता कर्जातले 40 कोटी कायमचे बुडाले की बँकेचं स्वतःचं काही उरलं नाही, त्यापुढचा प्रत्येक रुपया ठेवीदाराच्या खिशातला जातो. 300 कोटींत 40 म्हणजे तेरा-चौदा टक्के. एकच मोठा ग्रुप असेल तर एका सहीत होतं हे काम. म्हणून आरबीआयने नियम केला की एका कर्जदाराला बँकेच्या टियर-1 भांडवलाच्या (म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मूळ पैशाच्या) 15 टक्क्यांपेक्षा जास्त आणि एका ग्रुपला 25 टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही. नियम चांगला आहे. पण ग्रुप म्हणजे ग्रुप आहे हे कागदावर दिसलं पाहिजे ना. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला 2003 पासून बंदी आहे, तर मग कर्ज ड्रायव्हरच्या नावाने निघतं, पुतण्याच्या मित्राच्या फर्मच्या नावाने निघतं, फर्मचा पत्ता हिंगणा एमआयडीसीतला एक बंद शेड आणि मोबाइल नंबर चार कर्जदारांचा एकच.

ऑडिटवाल्याला हे ओळखू येत नाही असं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकीत खाती एकदम नियमित होतात, आणि पैसा कुठून आला म्हणून मागे मागे गेलं की त्याच बँकेतून त्याच आठवड्यात दिलेल्या दुसऱ्या कर्जातून आलेला असतो. म्हणजे 90 दिवस थकलं की खातं एनपीए (थकलेलं, वसुलीची खात्री नसलेलं कर्ज) करायचं, तर 89 व्या दिवशी नवीन कर्ज देऊन जुनं भरायचं. मिहान (नागपूर विमानतळाजवळचा मोठा प्रकल्प) आलं तेव्हा वर्धा रोडवरच्या जमिनींचे भाव असे उडाले की कोणतंही व्हॅल्युएशन खरं वाटायचं, तारण म्हणून दाखवलेला प्लॉट सात-बाऱ्यावर एक, नकाशात दुसरा आणि प्रत्यक्षात तिथे नाला. एका बँकेत (नाव सांगत नाही, आता ती नाही) आठ वेगळ्या कर्जांचे व्हॅल्युएशन रिपोर्ट एकाच माणसाचे आणि आठही रिपोर्टात तीच एक स्पेलिंगची चूक. रिपोर्टमध्ये लिहिलं की मग साहेबांचा फोन येतो, "एवढं कडक काहून लिहून राहिले, पुढच्या वर्षी पाहू ना." काही जण पुढच्या वर्षी पाहतात. अशी बुडते बँक.

मुंबईच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत हेच झालं, फक्त आकडा मोठा होता. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध लागले तेव्हा कळलं की एकूण कर्जातलं 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर ग्रुपला गेलं होतं, साधारण 6,500 कोटी, आणि ते लपवायला 21,000 हून जास्त खोटी कर्जखाती दाखवली होती. आता विचार करा, संचालक मंडळ होतं, ऑडिटर होते, आरबीआयचं इन्स्पेक्शन दरवर्षी होत होतं, आणि शेवटी माहिती बाहेर आली ती बँकेच्या आतूनच. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही पण खरं आहे. आणि आरबीआयला पण लागू होतं, संविधान चौकातून जाताना ती इमारत पाहून लोकांना वाटतं की तिथे बसलेले साहेब प्रत्येक बँकेची प्रत्येक फाइल पाहून राहिले. तसं नसतं, ते सॅम्पल पाहतात आणि बँक जो डेटा देईल तो पाहतात.

आता नुकसान कोणावर टाकलं ते पाहा, इथे बाबांचं म्हणणं तपासता येतं. पीएमसीवर निर्बंध लागले तेव्हा पहिल्यांदा सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी होती, मग 10,000 झाली, मग 25,000, अशी चढत चढत जून 2020 मध्ये एक लाख. बँक शेवटी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली 25 जानेवारी 2022 ला. म्हणजे 28 महिने. पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळाले आणि वरचे टप्प्याटप्प्याने, मोठ्या रकमांचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. ज्याचं वय 70 आहे त्याला दहा वर्षांनी पैसे मिळणार म्हणून सांगायचं. कागदावर पैसा बुडाला नाही, पण ज्याला ऑपरेशनसाठी पाहिजे होता त्याचा बुडालाच म्हणायचा.

आणि त्याच काळात येस बँक. 5 मार्च 2020 ला मोरॅटोरियम, म्हणजे पैसे काढण्यावर तात्पुरती बंदी, लागलं, 50,000 ची लिमिट, आणि 18 मार्चला उठलं. तेरा दिवस. स्टेट बँक आणि काही खासगी बँका-संस्था मिळून 10,000 कोटी घालून बसल्या, ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही. तिथे नुकसान टाकलं ते एटी-1 बॉन्डवाल्यांवर (बँक अडचणीत आली तर शून्य होऊ शकणारे रोखे घेणाऱ्यांवर), 8,415 कोटी एका फटक्यात शून्य. ऐकायला बरोबर वाटतं की जोखमीचा कागद घेतला तर जोखीम भोगा, पण त्यात कित्येक म्हातारे लोक होते ज्यांना हे एफडीपेक्षा चांगलं म्हणून विकलं होतं, सेबीने त्यासाठी बँकेला 25 कोटींचा दंड पण लावला. बॉन्ड शून्य करायच्या निर्णयावर कोर्टबाजी झाली, जानेवारी 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2020 च्याच नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक, तिथे भागधारकांचे शेअर शून्य केले, बँक डीबीएस बँकेला दिली, ठेवीदार दहा दिवसांत मोकळे.

तेरा दिवस आणि 28 महिने, हा फरक ठेवीदाराच्या शहाणपणाचा नाही. येस बँक मोठी, ती पडली तर बाकीच्यांना धक्का बसतो, यूपीआयचं बरंच काम तिच्यावरून चालत होतं (फोनपे रात्रीतून बंद पडलं होतं ते आठवत असेल), म्हणून दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडे पळापळ झाली. सहकारी बँक पडली तर त्या गावाला धक्का बसतो, आणि गावासाठी रात्री दोन वाजता कोणी मीटिंग घेत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला 2022 मध्ये. नऊ वर्षं ती बँक ना जिवंत ना मेलेली. त्या नऊ वर्षांत नुकसान कमी झालं का, उलट. कर्जदाराला कळलं की बँक आता उठत नाही की तो हप्ता भरणं सोडतो, चांगला कर्जदार दुसरीकडे जातो, कर्मचाऱ्यांचे पगार चालूच, इमारतींचं भाडं चालूच. माझा आक्षेप आरबीआयच्या कडकपणावर नाही, वेळेवर आहे. निर्बंध तेव्हा लागतात जेव्हा तिजोरीत वाचवायसारखं फारसं काही उरलेलं नसतं.

याला एक जुनं कारण होतं. सहकारी बँकांवर दोन मालक, बँकिंगचा भाग 1966 पासून आरबीआयकडे आणि बाकी सगळं, निवडणूक, संचालक मंडळ, चौकशी, अवसायन (बँक गुंडाळणं), सहकार खात्याकडे. आरबीआय म्हणायची आम्ही निबंधकाला लिहिलं, निबंधक म्हणायचे प्रकरण मंत्रालयात आहे, मंत्रालयात कोण बसलंय तर ज्याच्या पॅनेलची ती बँक आहे त्याचाच पाहुणा. पीएमसीनंतर 2020 मध्ये कायदा बदलला, आता संचालक मंडळ बरखास्त करणं, विलीनीकरण करणं यात आरबीआयचा हात बराच मोकळा झालाय, मोरॅटोरियम न लावता पण योजना करता येते. त्याचा फरक दिसून राहिला. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तिजोरीतले 122 कोटी रोखच गायब निघाले, 13 फेब्रुवारी 2025 ला निर्बंध लागले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन पण झाली, सहा महिन्यांत. आधी असतं तर सहा वर्षं लागली असती.

मुलाचा प्रश्न, टॅक्सवाल्यांनी का भरावं. यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही, आपल्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतच पाहा. 2001-02 मध्ये बँकेने खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले, होम ट्रेड या दलाल कंपनीचं नाव तेव्हा सगळ्या पेपरात होतं, पैसे दिले गेले, रोखे आलेच नाहीत. मूळ रक्कमच 125 कोटींच्या घरात. गंमत (गंमत कसली) अशी की सरकारी रोखे ही बँकेने घ्यायची सगळ्यात सुरक्षित वस्तू, कायद्याने ठेवींचा काही हिस्सा त्यात ठेवावाच लागतो, आणि नेमकी तिथेच बँक लुटली गेली. त्यानंतर आरबीआयने रोखे डिमॅटमध्येच ठेवायची सक्ती केली, घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप. गुन्हा 2002 मध्ये दाखल झाला आणि निकाल आला डिसेंबर 2023 मध्ये, तेव्हाच्या अध्यक्षांसह काहींना पाच वर्षांची शिक्षा, पुढे हायकोर्टात अपील. एकवीस वर्षं! तोवर ज्या शेतकऱ्याच्या सोसायटीला पीक कर्ज मिळायचं थांबलं त्याने सावकार गाठला असेल, अजून काय करणार.

मग वाचवली कोणी? नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्राने देशातल्या परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी 2,375 कोटींचं पॅकेज मंजूर केलं, त्यात महाराष्ट्राच्या तीन, नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. पैसा केंद्र, राज्य आणि नाबार्डचा, सगळ्यात मोठा वाटा राज्यांचा. हेच बेलआउट, दुसरं काही नाही. आता मला सांगा, हे चुकीचं होतं का? माझं मत, पैसे दिले ते बरोबर, कारण काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याने काही गुन्हा केला नव्हता आणि जिल्हा बँक बंद झाली तर गावातली सोसायटी बंद. पण बारा वर्षांनी दिले हे चूक, आणि नुकसान करणाऱ्यांकडून वसुली त्याच वेळी, त्याच जोराने झाली नाही ही त्याहून मोठी चूक. सहकार कायद्यात कलम 88 आहे, नुकसानीची जबाबदारी संचालकांवर वैयक्तिक निश्चित करता येते, मालमत्तेवर बोजा चढवता येतो. चौकशी अधिकारी बदलतो, स्टे येतो, मुदतवाढ मिळते, आणि संचालक पुढची निवडणूक लढून मोकळा.

सरकारी बँकांचं तर विचारूच नका. 2008 ते 2014 च्या काळात वीज, रस्ते, स्टील यांना वाटलेली कर्जं सडली, 2015 मध्ये आरबीआयने पुस्तकं उघडायला लावली तेव्हा घाण बाहेर आली, मार्च 2018 ला सरकारी बँकांचा ग्रॉस (एकूण) एनपीए 14 टक्क्यांच्या वर. 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत सरकारने त्यांच्यात 3 लाख 10 हजार 997 कोटी भांडवल घातलं, बहुतेक रिकॅप बॉन्डच्या (सरकारने बँकांनाच दिलेल्या कर्जरोख्यांच्या) रूपात. एकाही शाखेबाहेर रांग लागली नाही, कोणी छाती बडवली नाही, म्हणून आपल्याला ते बेलआउट वाटलंच नाही. पीएमसीचा ठेवीदार आझाद मैदानात ओरडत होता तेव्हा हे त्याच्याहून कितीतरी मोठं काम शांतपणे चालू होतं. हां, दुसरी बाजू पण सांगतो, 2023-24 मध्ये सरकारी बँकांनी मिळून 1.41 लाख कोटी नफा कमावला, लाभांश सरकारला आला, म्हणजे घातलेला सगळाच पैसा नाल्यात गेला असं नाही. अमेरिकेत 2008 नंतर बँकांना दिलेला पैसा पण नफ्यासह परत आला. पण पैसा परत आला म्हणून ज्यांनी ती वेळ आणली त्यांना काय शिक्षा झाली, हा प्रश्न तिकडेही सुटला नाही आणि इकडेही नाही.

मुलाने अमेरिकेचं नाव घेतलं म्हणून एवढं सांगतो. सिलिकॉन व्हॅली बँकेत मार्च 2023 मध्ये एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायचे आदेश आले, लोक मोबाइलवरून पैसे काढत होते, दारात रांगसुद्धा लागायची गरज पडली नाही. तिथे ठेव विमा अडीच लाख डॉलरचा, आणि या बँकेच्या 90 टक्क्यांहून जास्त ठेवी त्याच्या वरच्या. नियमाप्रमाणे तिथे ठेवी ठेवलेल्या स्टार्टअपवाल्यांनी थांबायला पाहिजे होतं, पण रविवारच्या रात्री सरकारने जाहीर केलं की सगळ्यांना सगळे पैसे. मालक आणि बॉन्डवाले मात्र गेले. आता हेच पीएमसीशी लावून पाहा. तिकडे करोडपती ठेवीदार सोमवारी सकाळी मोकळा, इकडे रिटायर्ड मास्तर दहा वर्षांच्या हप्त्यावर. म्हणून कोणी मला म्हणतं ना की बेलआउटमुळे लोकांना बेफिकिरीची सवय लागते, तेव्हा मी विचारतो कोणत्या लोकांना. बँकेच्या मोठ्या कर्जदाराला आणि संचालकाला लागते, ती शंभर टक्के खरी गोष्ट. पण इतवारीतल्या किराणावाल्याने किंवा तुमच्या वडिलांनी बॅलन्स शीट वाचून ठेव ठेवावी आणि नाही वाचली तर भोगावं, हे मला पटत नाही. अहो, 21,000 खोटी खाती तपासायला बसलेल्या इन्स्पेक्टरला दिसली नाहीत, ती काउंटरच्या अलीकडून कशी दिसतील?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ठेवीदाराला लवकर सोडवा, मालक आणि मॅनेजमेंटला अजिबात नाही. बँक ही संस्था वाचवायचा हट्ट पण नको, विलीन करा, शाखा वाटून द्या, नाव पुसलं तरी चालेल. सहकारात ही भावना फार असते की दादासाहेबांनी उभी केलेली बँक, तिचं नाव गेलं नाही पाहिजे, आणि त्या नावापायी चार वर्षं फुकट जातात. 2017 चं एफआरडीआय बिल आठवत असेल, बुडणाऱ्या बँकेचं काय करायचं याचा कायदा होता, पण त्यात ठेवींना हात लावायची तरतूद आहे म्हणून व्हॉट्सॲपवर असा गोंधळ उठला की 2018 मध्ये सरकारने तो मागे घेतला. भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्यासोबत बाकीच्या कामाच्या गोष्टी पण गेल्या, आणि बुडणाऱ्या बँकांसाठी वेगळा असा कायदा मग झालाच नाही.

विम्याचं आता नीट ऐका कारण 18 लाखांचा प्रश्न इथे सुटतो. ठेव विमा आपल्याकडे 1962 पासून आहे, केरळातली पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाली त्यानंतर आला, तेव्हा लिमिट होती 1,500 रुपये. 1993 मध्ये एक लाख झाली आणि 27 वर्षं तिथेच अडकली, पीएमसीवाले रस्त्यावर आले तेव्हा कुठे फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख. हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधली सगळी खाती जोडून. सीताबर्डीच्या शाखेत पाच आणि सक्करदऱ्याच्या शाखेत पाच असं चालत नाही, बँक एक म्हणजे हिशोब एक. 2021 पासून एक मोठी सुधारणा झाली, निर्बंध लागले की परवाना रद्द व्हायची वाट न पाहता 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे, पहिले 45 दिवस बँकेने यादी द्यायची आणि पुढचे डीआयसीजीसीने, म्हणजे विमा देणाऱ्या आरबीआयच्याच कंपनीने. त्याच बँकेचं कर्ज तुमच्या नावावर थकीत असेल तर ते आधी कापतात. प्रीमियम शंभर रुपयांना वर्षाला 12 पैसे या दराने बँका भरत आल्यात, तुमच्या खात्यातून घेता येत नाही. आणि हा प्रीमियम सगळ्यात जास्त भरतात मोठ्या व्यापारी बँका, दावे मात्र जवळपास सगळे सहकारी बँकांचे, म्हणजे स्टेट बँकेचा ग्राहक नकळत सहकारी बँकेच्या ठेवीदाराला आधार देऊन राहिला. मार्च 2024 च्या हिशोबाने देशातली जवळपास 98 टक्के खाती या पाच लाखांत बसत होती, पण रकमेने पाहिलं तर 43 टक्क्यांच्या आसपासच पैसा विम्यात होता. तुमच्या बाबांचे 13 लाख उरलेल्या बाजूला आहेत.

तर बाबांना सांगा, सरकार सोडत नाही हे सरकारी बँकेबद्दल आणि मोठ्या खासगी बँकेबद्दल आजवर खरं ठरलं, नागरी सहकारी बँकेबद्दल खात्रीची गोष्ट पाच लाखच, बाकी नशीब आणि वेळ. उद्या पळत जाऊन सगळं मोडायचं काही कारण नाही, मुदतीआधी मोडलं तर व्याज कापलं जाईल, ज्या एफड्या आधी संपतील त्या आधी हलवा. आईच्या नावाने वेगळं खातं, बाबांच्या नावाने वेगळं, आणि जॉइंट खातं असेल तर बाबा-आई आणि आई-बाबा या दोन क्रमांची खाती विम्यासाठी वेगळी धरतात, प्रत्येकाला वेगळे पाच लाख. म्हणजे त्याच बँकेत राहूनही नवरा-बायकोचे 18 लाख बसवता येतात, व्याजासाठी थोडी जागा सोडून. नॉमिनी बदलून लिमिट वाढत नाही, हा गैरसमज फार आहे. बँक सहकारी आहे म्हणून वाईट असं मी बिलकुल म्हणत नाही, ज्या पानठेल्यावाल्याला आणि ऑटोवाल्याला कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांना याच बँकांनी कर्ज दिलं, आणि चांगल्या चालणाऱ्या आहेतच. वार्षिक अहवाल मागा, सभासद असाल तर हक्काने, त्यात निव्वळ एनपीए (तरतूद वजा करून उरलेलं थकीत कर्ज) किती, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल) किती, ऑडिट वर्ग अ आहे की ब, एवढं पाहा. निव्वळ एनपीए सहा टक्क्यांच्या वर आणि तरी व्याज सगळ्यांपेक्षा जास्त देऊन राहिले असतील तर तिथून निघा. आमसभा वीस मिनिटांत "मंजूर मंजूर" करून उरकत असेल तर तो पण एक आकडाच समजा.

आणि एक गोष्ट आधी तपासून घ्या, ती खरंच बँकच आहे ना. बोर्डावर अर्बन, मल्टीस्टेट, निधी, क्रेडिट असं मोठ्या अक्षरात आणि शेवटी पतसंस्था बारीक अक्षरात, असा प्रकार गल्लोगल्ली आहे. पतसंस्था आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी यांना डीआयसीजीसीचा विमा नाही, आरबीआयचा परवाना नाही, तिथे पाच लाख पण मिळत नाहीत. बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटचे ठेवीदार आजही फिरून राहिले. आणि त्याहून वरची पायरी म्हणजे जिथे संस्थाच नाही, नुसता माणूस आणि महिन्याला तीन टक्क्यांचं आश्वासन, 2013-14 मध्ये श्रीसूर्या आणि वासनकर प्रकरणात नागपूरचे डॉक्टर, प्रोफेसर, रिटायर्ड अधिकारी सगळे अडकले, तिथे एमपीआयडी (ठेवीदारांच्या संरक्षणाच्या राज्याच्या) कायद्याखाली मालमत्ता जप्त करून विकायची आणि मग वाटायची एवढाच रस्ता, वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, बाबांच्या एफडीच्या पावतीवरचं पूर्ण नाव, अक्षरन् अक्षर, त्या यादीत शोधा, आज रात्रीच शोधा, आणि नाव सापडलं नाही तर वर मी जे मुदत संपायची वाट पाहा म्हटलं ते सोडा, व्याजाचा विचार न करता उद्या सकाळी काउंटर उघडताना तिथे उभे राहा.